मांडव उतरला, आता तब्येतीचा हिशेब करा

आषाढी एकादशी झाली. देव झोपले, असे आपण म्हणतो. आता कार्तिकात तुळशीचे लग्न लागेपर्यंत लग्नाचे मुहूर्त थंडावतात. आमच्या वैराग भागातील मांडववाले, बँडवाले, आचारी, वाढपी आणि जनरेटरवर बसणारी पोरे यांना कित्येक महिन्यांनी दुपारचे जेवण घरी, वेळेवर मिळते. गणपतीत, नवरात्रात थोडी कामे निघतात. पण वैशाखातील धावपळ नसते.

या मोकळ्या दिवसांत मालक जनरेटरचे ऑइल बदलतो, फाटलेल्या कनाती शिवून घेतो, भांडी मोजतो. ऐन सीझनमध्ये सामानाची दुरुस्ती होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. मात्र ज्या खांद्यांवरून ते लोखंडी पाइप वाहिले, ज्या पायांवर उभे राहून हजार पानांचा स्वयंपाक झाला, त्यांच्या दुरुस्तीची पाळी काही येत नाही.

काही वर्षांपूर्वी मांडवाचे काम करणारा एकजण माझ्याकडे आला. जांघेत गाठ होती. आडवे पडले की आत जायची. हर्निया होता. ऑपरेशन करून घ्या म्हटल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर, एवढा सीझन जाऊ द्या." मीही "बरं, सीझन संपला की या" म्हणून मोकळा झालो. सीझन संपला, तो आला नाही, मीही निरोप धाडला नाही. पुढच्या वैशाखात एका रात्री पाइप उचलताना गाठ बाहेर आली ती आत जाईना. उलट्या सुरू झाल्या. रात्रीच सोलापूरला हलवावे लागले. आतडे अडकून काळे पडले होते, तेवढा तुकडा कापावा लागला. जीव वाचला, पण सीझन गेला आणि डोक्यावर कर्ज झाले. दुखणे त्याने अंगावर काढले हे खरे, पण तारीख ठरवून न देण्याची चूक माझी होती. तेव्हापासून मी "नंतर या" म्हणत नाही, कॅलेंडरवर खूण करून देतो.

हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदू यांची पुढे ढकललेली ऑपरेशने आताच उरकावीत. हर्नियानंतर साधारण महिना-दीड महिना जड उचलता येत नाही. ती सुट्टी श्रावण-भाद्रपदात परवडते, वैशाखात परवडत नाही.

आचाऱ्यांनी आणि केटरिंगवाल्यांनी साखर व रक्तदाब तपासावा. अवेळी जेवण, चाखण्याच्या निमित्ताने गोड आणि रात्रीची जागरणे ही साखर वाढण्याची वाट आहे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा तपासून मधुमेहाची खात्री करून घ्यावी. 'तीन महिन्यांची साखर' ही तपासणी तर चातुर्मासासाठीच निघाली असावी! आज करा, पथ्य आणि औषध नीट घ्या, तुळशीच्या लग्नाआधी पुन्हा करा. केलेल्या कष्टाचा निकाल कागदावर दिसेल. पोळ्या लाटणाऱ्या आयाबायांनी हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. थकवा कामाचाच असेल असे धरून चालू नये.

बँड आणि डीजेवाल्यांनी कानांकडे पाहावे. ८५ डेसिबल आवाज कानाला दिवसाला आठ तास सोसतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. वरातीनंतर सकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत असेल तर तो इशारा समजावा. आवाजाने गेलेले ऐकणे परत येत नाही. साध्या कापसाच्या बोळ्यावर विसंबू नये, कानात घालायची बुचे मिळतात.

मांडवाच्या पोरांना खिळा लागणे नित्याचे. जखम झाली की इंजेक्शनला धावण्यापेक्षा धनुर्वाताच्या लसीचा राहिलेला कोर्स आता पुरा करावा.

आणि जागरणासाठी तोंडात धरलेली तंबाखू, मावा! तोंडात आपली तीन बोटे उभी जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा अथवा जखम दोन आठवड्यांत बरी होत नसेल, तर लगेच दाखवा. बार्शीला कॅन्सरचे रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये याच बार्शी भागात सुरू झाली. एवढे जवळ असून उशिरा जाणे बरे नव्हे. जागरण नसते तेव्हा मावा सोडणे सोपे जाते.

यावर लोक म्हणतात, "सीझनमध्ये वेळ नसतो आणि सीझन संपला की पैसा नसतो." तक्रार खोटी नाही. उचल फिटेपर्यंत घरात दमडी उरत नाही. पण रक्तदाब, साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोठ्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन करावी.

राहिला प्रश्न घरी बसण्याच्या दिवसांचा. तेथे मालकांनी पुढे यावे असे मला वाटते. प्रत्येक सुपारीमागे थोडी रक्कम कामगारांच्या दुखण्यासाठी बाजूला काढली, तर ती वर्षाला भरीव होते. जनरेटरच्या सर्व्हिसिंगचा खर्च आपण धंद्यात धरतोच ना? मग माणसाचा का नको?

कार्तिकात पहिली सुपारी आली की पुन्हा कोणाला फुरसत मिळणार नाही. म्हणून या आठवड्यातच दवाखान्यात जाऊन तारीख ठरवा. दुसऱ्यांच्या लग्नाचे मुहूर्त सांभाळणाऱ्यांनी स्वतःच्या तब्येतीचा मुहूर्त टाळू नये.