वृक्षाबरोबर मातीचीही दखल घ्या

1739 साली वसई मराठ्यांच्या हाती आली, त्या मोहिमेतील गंगाजी नाईकांच्या कामगिरीमुळे ज्या अंजूरचे नाव इतिहासाच्या दप्तरात कायमचे दाखल झाले, ते भिवंडी तालुक्यातील गाव आज देशातील एका अवाढव्य गोदामपट्ट्यात सामावले गेले आहे. भातखाचरांच्या जागी पत्र्याची छपरे आली म्हणून केवळ विलाप करणे निरर्थक होय, कारण त्यांवर अनेकांचा चरितार्थ चालतो. परंतु सातबाऱ्यावर ज्याचे नाव कधीच चढले नाही, अशा एका जुन्या रहिवाशाची वहिवाट या स्थित्यंतरात विनानोटीस संपुष्टात येते, याची जाणीव तरी असावी.

हा रहिवासी म्हणजे सिकाडा. वैशाख-ज्येष्ठात तुंगारेश्वरच्या रानात, कोकणातल्या जुन्या झाडीत जो अखंड कर्कश नाद उठतो, तो पुष्कळदा रातकिड्याच्या नावावर जमा होतो. वस्तुतः रातकिडा पंखावर पंख घासतो, तर सिकाड्याचा नर पोटाच्या दोन्ही अंगांचे ताठ पडदे, डब्याचे पत्र्याचे झाकण दाबून सोडावे तसे, सेकंदाला शेकडो वेळा आत ओढून सोडतो आणि त्याचे पोकळ उदर तो ध्वनी वाढवते. हे गायन काही आठवड्यांचे. त्यापूर्वीचे दीर्घ आयुष्य मात्र भूमिगत असते. मादी कोवळ्या फांदीला चिरा पाडून अंडी घालते, पिल्ले जमिनीवर पडून मातीत शिरतात आणि मुळांतील रस शोषीत वर्षानुवर्षे वाढतात. मेघालयातील क्रेमिस्टिका रिभोई ही जात दर चौथ्या वर्षी, तर अमेरिकेतील काही जाती तेराव्या वा सतराव्या वर्षी सामुदायिकपणे बाहेर पडतात.

म्हणजे या कीटकाला वृक्षही हवा आणि त्याच्या बुंध्याभोवतीची उघडी मातीही हवी. वृक्षतोडीचे नियमन करणारा 1964 चा अधिनियम आपल्याकडे आहे, तोडलेल्या झाडाबदल्यात रोपे लावण्याचे हुकूमही निघतात. परंतु सारा हिशेब झाडांच्या संख्येचा, मातीचा नव्हे. वृक्ष राखून त्याच्या खोडापर्यंत काँक्रीट भिडवले, तर कागदोपत्री नियमभंग नसतो, परंतु मुळांशी वाढणारी पिढी जिवंत गाडली जाते, आणि पावसाचे पाणीही जमिनीत मुरत नाही. दूरच्या माळावर लावलेले रोप ही हानी भरून काढू शकत नाही.

म्हणून बिनशेती वापराची परवानगी देताना, जुन्या वृक्षाभोवती निदान त्याच्या पर्णविस्ताराइतकी जमीन मोकळी ठेवण्याची सक्त अट महसूल खात्याने घालावी, आणि तिचे पालन होते की नाही याची जागेवर तपासणी करण्याचे काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावे.