मुलगे नाव लावतात, मुलींना नावं ठेवतात

बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर तरुण मुलगा कुणाचा आहे हे विचारावं लागत नाही. एमएच ४२ च्या पाटीवर ४१४१ हा आकडा असा वळवून लिहिलेला असतो की तो 'दादा' वाचला जावा. मागच्या काचेवर जातीचं नाव. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर 'मित्र परिवार' म्हणून पन्नास चेहरे. कुणी तालमीतला, कुणी मंडळातला, कुणी डीजेपुढच्या ग्रुपातला. शेतीचे तुकडे झालेल्या घरातल्या, हाताला काम नसलेल्या मुलाला आपणही कुणीतरी आहोत असं वाटायला ही नावं लागतात, हे मी समजू शकते. पण त्या पन्नास चेहऱ्यांत मुलीचा चेहरा कधी दिसला का? मुलगी फ्लेक्सवर येते ती फौजदार झाल्यावर, 'गावची कन्या' म्हणून. तोवर तिला नावं ठेवायचं काम इतरांचं.

भिगवणहून, पळसदेवहून एसटीने कॉलेजला येणारी मुलगी मोकळेपणी हसली तर 'चालू', कुणाशी बोलली नाही तर 'काकूबाई'. केस कापले तर 'टॉमबॉय', फोनसमोर नाचली तर 'रीलवाली'. २०१६ साली 'सैराट' आला. उजनीच्या पलीकडच्या करमाळा भागातलं ते चित्रण, म्हणजे आपल्या अंगणातलंच. बुलेट चालवणारी आर्ची पडद्यावर सगळ्यांना आवडली. गावात मात्र गाडी चालवणाऱ्या मुलीला 'आली बघ आर्ची' हा टोमणा मिळाला. हे शब्द थट्टेचे वाटतात, पण त्यांची किंमत घरात मोजली जाते. 'नाव खराब व्हायच्या आत' म्हणून बारावीची परीक्षा होताच स्थळं बघायला लागतात, काही घरं अठरा पूर्ण व्हायचीही वाट बघत नाहीत. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. तो वय विचारतो. लग्नाची घाई कोणत्या टोमण्यामुळे झाली, हे कोण विचारणार?

या सगळ्यात मुलीला स्वतःहून लावता येणारं एक नाव आहे : 'भरतीवाली'. पहाटे पाचला ट्रॅकपँट घालून रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या मुली तुम्हीही पाहिल्या असतील. पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं व गोळाफेक असते. एरवी दारात उभं राहिलं तरी ओढणीची आठवण करून देणारं घर याच मुलीला अंधारात रस्त्यावर सोडतं, कारण राज्याच्या सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे आणि डोळ्यांसमोर पगार आहे. या मुलींशी मी खूप बोलले आहे. नोकरी त्यांना हवीच आहे. पण पळून झाल्यावर मैदानाच्या कडेला बसून गूळ-शेंगदाणे खाण्याचा, एकमेकींच्या पोटऱ्या चोळण्याचा, घरचं काय वाट्टेल ते बोलण्याचा जो अर्धा तास मिळतो, तोही त्या नोकरीइतकाच जपतात. मराठा, धनगर, माळी, बौद्ध, मातंग मुली तिथे एकत्र पळतात. (जात विसरून पळतात असं म्हणणार नाही. कुणाच्या डब्यात कोण हात घालतं हे मी बघितलं आहे.)

मात्र हे नाव मुदतीचं. घरच्यांचा हिशेब दोन भरत्यांचा असतो. दोनदा यादीत नाव आलं नाही की बूट माळ्यावर आणि मुलगी बोहल्यावर. तिचा भाऊ तिशीतही 'तयारी करतोय', आणि तसं सांगताना कुणी त्याला हसत नाही.

जातीच्या अस्मितेने मुलींना जागा दिली नाही का? दिली. कशी दिली ते बघा. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीला एका शाळकरी मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. ९ ऑगस्टला तेव्हाच्या औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत निघत गेले. सर्वांत पुढे मुली. भाषण करायला, निवेदन द्यायलाही मुली. एवढ्या मोठ्या जनसमुदायाच्या पुढे चालण्याचा तो अनुभव ज्यांनी घेतला, त्यांच्यासाठी तो खराच होता, त्याची थट्टा मी करणार नाही. पण त्याच निवेदनात ॲट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी होती, ती कोणत्या मुलीला विचारून लिहिली? आणि मोर्चे संपल्यावर निर्णयाच्या बैठकींत त्यांतल्या कितीजणी उरल्या?

यावर आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात, जातीची, ग्रुपची सगळी लेबलं चपलांसारखी दाराबाहेर काढून या. आत आपण फक्त स्त्रिया. मला हे मुळीच मान्य नाही. १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं तिने सरळ विचारलं. तिला तिचं नाव दाराबाहेर ठेवायला लावलं असतं तर तो निबंध झालाच नसता. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधणारी मुलगी आणि काचेवर उच्च जात मिरवणारा मुलगा एकच गोष्ट करत नाहीत. ती ज्या खड्ड्यातून वर आली, तो याच्याच पूर्वजांनी खणलेला होता. दोघांना एका मापाने मोजणं म्हणजे समता नव्हे, आळस आहे.

आणि 'या मुलींना विचार नको, रील हवी' हे वाक्य तर आपल्या तोंडी शोभत नाही. आपलीही नावं तयारच असतात : योजनेत 'सबला', अहवालात 'किशोरी', तक्त्यात 'लाभार्थी'. शिबिर झालं, फोटो निघाला, मुलगी घरी.

मुलींना विचारलं तर त्यांचं मागणं फार साधं निघतं. बसायला एक जागा, आणि तिची किल्ली आपल्याकडे. गावोगावी व्यायामशाळा, समाजमंदिरं, वाचनालयं सरकारी पैशांतून उभी आहेत आणि त्यांच्या किल्ल्या मंडळाच्या पोरांच्या खिशात आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते शिलाई मशीन आणि हळदीकुंकवापलीकडे जात नाहीत. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. येत्या सभेला भरतीवाल्या, रीलवाल्या, निळ्या फेट्यातल्या, सगळ्या मुलींना घेऊन जा. ठराव मांडा : व्यायामशाळा पहाटे ५ ते ७ मुलींसाठी, मैदानावर दिवा, किल्लीचा एक जोड मुलींकडे, भरती होवो न होवो. सरपंच 'बघू' म्हणतील. तोंडी आश्वासन घेऊन उठू नका. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मागा.