आधी मागचं दार दाखवा

हल्ली सहलीला निघालेल्यांना नुसता समुद्र पुरत नाही, जोडीला पुण्यही लागतं. म्हणून पॅकेजात महाबलीपुरम, सर्फिंग आणि वर एक 'शाश्वत' दिवस: सकाळी निसर्गाच्या धर्तीवर पिकवलेली पर्माकल्चरची बाग, दुपारी कचरा प्रकल्प, मध्ये केळीच्या पानावर जेवण. गांडुळांचे फोटो काढायचे, गारेगार गाडीत बसायचं आणि वसुंधरेचं ऋण फिटलं म्हणून मोकळं व्हायचं. प्रकल्प बघायला जरूर जा. पण ही दांभिक तीर्थयात्रा मला असह्य होते.

चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवरचं कोवलम घ्या. केरळातलं नव्हे, हे ईस्ट कोस्ट रोडवरचं मच्छीमारांचं गाव. इथल्या किनाऱ्याला 2021 मध्ये स्वच्छ किनाऱ्यांसाठीचं 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळालं. 33 निकष आहेत त्याचे, आणि मिळालं याचा आनंदच आहे. पण झेंडा लागतो तो वाळूच्या आखलेल्या पट्ट्यावर. त्या वाळूवर धंदा करणाऱ्यांच्या मागच्या दाराचं काय?

तिथल्याच एका हॉटेलच्या न्हाणीघरात पाटी होती: टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पृथ्वी वाचवा. पाटीखाली शॅम्पूच्या बोटभर प्लास्टिक बाटल्यांची रांग. मग मी मुदपाकखान्याच्या मागे गेलो. सांबारात भिजलेल्या इडल्या, शहाळ्यांच्या कवट्या आणि त्याच बाटल्या, सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबलेलं. हे जातं कुठे? ''गाडी येते, सर.'' आणि गाडी कुठे जाते? व्यवस्थापक गप्प. याच गृहस्थाने सकाळी माझ्या हातात सेंद्रिय बागेच्या सहलीचं गुळगुळीत पत्रक ठेवलं होतं!

2016 च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं की दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्याने तो वेगळा करावा आणि ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा. म्हणजे मोठ्या हॉटेलात खताचा खड्डा असणं हे कर्तव्य आहे, आणि आपण ते तिकीट काढून दुसऱ्याच्या शेतावर बघायला जातो. वा रे पर्यटन!

अशा गाड्या शेवटी कुठे जात आल्या हे ज्याला खरंच बघायचंय, त्याने चेन्नईतल्या पेरुंगुडीला जावं. चेन्नईने आपला कचरा वर्षानुवर्षं पळ्ळिकरणैच्या पाणथळीच्या काठी ओतला. 2022 च्या एप्रिलमध्ये तिथला डेपो पेटला, आणि जुलैत त्याच पाणथळीला महत्त्वाच्या पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. एवढी मोठी विसंगती, पण हे स्थळ मला एकाही पत्रकात दिसलं नाही. तिथे वास येतो ना!

त्या सहलीतल्या बागेमागचं पर्माकल्चर ऑस्ट्रेलियातल्या मोलिसन आणि होल्मग्रेन यांनी 1978 मध्ये मांडलं. टाकाऊ काही उरूच द्यायचं नाही, हे त्या विचाराचं एक तत्त्व. ते कळायला परदेशी नावाची गरज आपल्याला तरी पडू नये. कोल्हापूरचे शेतीप्रयोगकार श्री. अ. दाभोलकर दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागवण्याचं गणित मांडत होते. त्यांच्या प्रयोग परिवारात ज्याने त्याने आपल्या मातीत प्रयोग करायचा आणि काय झालं ते इतरांना कळवायचं. बघ्यांचं तिथे काम नव्हतं.

आणि बघायचंच असेल तर कोकणातलं वेंगुर्ला बघा. नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करायला लावला, तेव्हा कुठे डंपिंगच्या जागेचं पर्यटनस्थळ झालं. आधी घरातला डबा, मग पाहुणे. आणि कचरा निवडणारे हातही बघा: पुण्यात कचरावेचक बायांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढली. शहराचा कचरा त्या हाताने निवडतात. त्यांच्या मजुरीवर न बोलता पुनर्वापरावर प्रवचन झोडणाऱ्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

तेव्हा कोवलमला जा, गोव्याला जा, कुठेही जा. खोली ठरवण्याआधी फोनवर दोनच प्रश्न विचारा: तुमचा ओला कचरा कुठे जिरतो, आणि तो उचलणाऱ्याला पगार किती? उत्तर मिळालं नाही तर पैसे दुसरीकडे द्या, आणि का दिले तेही त्यांना कळवा.