‘ब्रेकिंग डॉन’मधील डोहाळे

स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेच्या ‘ट्वायलाइट’ कादंबरीमालिकेचा चौथा खंड ‘ब्रेकिंग डॉन’ २ ऑगस्ट २००८ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा तो हाती पडावा म्हणून वाचकांनी मध्यरात्री पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लावल्या होत्या. २००५पासून दरसाल एक याप्रमाणे आलेल्या आधीच्या तीन खंडांनी हा वाचकवर्ग घडवला होता. त्यातल्याच अनेकांना चौथा खंड वाचून आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले, आणि काहींनी तर पुस्तक दुकानात परत करावे, असे एकमेकांना सुचवले. लोकप्रिय वाङ्मयाच्या वाचकाचा रोष समीक्षेला सहसा दखल घेण्याजोगा वाटत नाही. येथे मात्र तो घेण्याजोगा आहे. कारण त्याच्या मुळाशी एक खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

रोषाचे निमित्त असे : अठराव्या वर्षी विवाह करून ब्राझीलच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मधुचंद्रासाठी गेलेल्या बेलाला, व्हॅम्पायर असलेल्या एडवर्डपासून, अकस्मात दिवस जातात. अनपेक्षित गर्भधारणा ही प्रणयकादंबरीतील जुनीच युक्ती. मिल्स अँड बूनच्या पुस्तकांत ती इतकी रुळलेली आहे की, वाचक तिची वाटच पाहत असतो. जॅनिस रॅडवे यांनी १९८४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा कादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांना आपल्याला काय हवे आणि काय नको याची किती नेमकी जाण असते, हे दाखवून दिले आहे. ‘शाकुंतला’चा पाचवा अंक ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना तर गर्भवती नायिकेच्या आगमनाने कथानक कसे पेटते, हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा ‘युक्ती जुनी आहे’ हा आक्षेप पोकळ ठरतो.

खरा आक्षेप मालिकेच्या अंतर्गत नियमांविषयी आहे. अद्भुतकथेत काहीही घडू शकते हा गैरसमज आहे. वस्तुतः वास्तवाचा आधार सुटल्यामुळे अशा कथेला स्वतःचे नियम अधिक कसोशीने पाळावे लागतात. मेयर यांच्या जगात व्हॅम्पायरचे शरीर गोठलेले असते. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मृत्युपंथास लागलेला सतरा वर्षांचा एडवर्ड त्यानंतर सतरा वर्षांचाच राहतो. ‘इक्लिप्स’ या तिसऱ्या खंडात रोझली बेलाला आपली कहाणी सांगते, ती याच नियमाची शोकात्म बाजू होय. अमरत्व आणि सौंदर्य लाभूनही आपल्याला मूल होणार नाही, याचे तिचे दुःख हा त्या खंडातील सर्वांत खरा भाग आहे. बेलाने एडवर्डच्या जगात यायचे ठरवले, तर मातृत्व, वडील आणि वाढते वय या साऱ्यांवर पाणी सोडावे लागेल, हे वाचकाला तेथे पटते. तीन खंडांतील प्रेमकथेला जे वजन येते, ते या त्यागाच्या जाणिवेमुळे.

हा नियम मोडताना लेखिकेला आपण काय मोडतो आहोत याची कल्पना नव्हती, असे म्हणता येत नाही. बेलाला गर्भ राहिल्याचे कळताच कार्लाइल आणि एडवर्ड तो काढून टाकण्याचा विचार करतात, आणि बेला मदतीसाठी दूरध्वनी करते तो रोझलीला. आजवर जिने तिचा दुस्वास केला, तीच आता तिच्या दाराशी पहारेकरी होऊन बसते. ती बेलाला जपते की बेलाच्या उदरातील मुलाला? या एका प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी राहू शकली असती. मेयर त्याला स्पर्श करतात आणि पुढे निघून जातात.

त्याहून गंभीर गोष्ट निवेदनाची. पहिले तीन खंड जवळजवळ पूर्णपणे बेलाच्या प्रथमपुरुषी निवेदनातून उलगडतात. पण गर्भ तिच्या बरगड्या मोडू लागतो, तिला आतून पोखरू लागतो, नेमक्या त्या वेळी निवेदन तिच्याकडून काढून जेकबच्या हाती दिले जाते. बेला आता बोलणारी राहत नाही, पाहिली जाणारी होते. गर्भ ठेवायचा हा तिचा निर्णय इतरांच्या तोंडूनच आपल्याला कळत राहतो. अगदी प्रसूतीसुद्धा जेकबच्याच डोळ्यांनी दिसते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बेणारेला तेंडुलकरांनी, रंगमंचावरील कोणीही ऐकत नसताना का होईना, तिचे स्वगत दिले होते. मेयर यांच्या नायिकेला तेवढेही मिळत नाही. या कादंबरीवर गर्भपातविरोधी असल्याचा आरोप झाला. परंतु निर्णय कोणता, यापेक्षा तो घेणारीचा आवाजच हरपावा, ही उणीव मोठी आहे.

तरीही पुस्तकातील सर्वांत जिवंत पाने याच भागात आहेत, हे नाकारता येणार नाही. अन्न न ठरणारी, खंगत चाललेली बेला पेल्यातून मानवी रक्त पिते आणि तिच्या चेहऱ्यावर रंग येतो. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला येथे अजातशत्रूच्या मातेचे डोहाळे आठवल्यावाचून राहत नाहीत. दोहद हा आपल्या कथावाङ्मयातील केवढा प्राचीन कथाघटक! पाली अट्ठकथांत राणीला बिंबिसाराचेच रक्त पिण्याची इच्छा होते, राजा ती पुरवतो. हा पुत्र पितृघातकी होईल असे भाकीत होते. राणी गर्भ पाडू पाहते, राजा तिला अडवतो. आणि अखेर भाकीत खरे होते. तेथे डोहाळे हे ऋण असते, आणि कथा ते वसूल करते.

‘ब्रेकिंग डॉन’मध्ये हे ऋण परस्पर माफ होते. एडवर्डला गर्भाचे विचार ऐकू येतात, तर गर्भ आईवर प्रेमच करीत असतो. नवजात व्हॅम्पायर रक्ताच्या तहानेने बेभान असतात असे आधीच्या खंडांतून बजावले असताना, बेला पहिल्याच दिवशी स्वतःला आवरते. वडिलांनाही अंतरावे लागत नाही, चार्ली येतो-जातो. प्रेमभंग झालेल्या जेकबची सोय तर याहून विलक्षण : बालिकेचा जीव घ्यायला निघालेला हा तरुण तिला पाहताच तिच्याशी जन्माचा बांधला जातो, आणि ती सात वर्षांत प्रौढ होणार असल्याने कोणी फार संकोचण्याचेही कारण उरत नाही! शेवटी व्होल्तुरी चालून येतात, रणभूमीवर दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहतात; दक्षिण अमेरिकेतून अशाच मिश्र जन्माचा एक तरुण येऊन साक्ष देतो, आणि सर्व जण आपापल्या घरी जातात.

२०१२च्या चित्रपटाच्या कर्त्यांना हा शेवट पडद्यावर जसाच्या तसा नेण्याचे धैर्य झाले नाही. त्यांनी लढाई घडवली, कार्लाइलचे मस्तक धडावेगळे केले, आणि मग ते सारे अ‍ॅलिसने आरोला दाखवलेले भविष्यदर्शन होते, असा खुलासा केला. कादंबरीत तेवढी लढाईही होत नाही.