नावावर काय आहे?



गावपाहणीचे फॉर्म भरताना एक रकाना मला नेहमी अडवतो. ‘स्वतःच्या नावावर असलेली मालमत्ता’. बाई आपल्याकडे बघते, पदराआड हसते आणि म्हणते, “माझ्या नावावर काय असणार, बाई?” आपण आडवी रेघ मारतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. मागे दारात तिनं वाढवलेली शेळी ओरडत असते, तिनं सारवलेल्या जमिनीवर आपण बसलेल्या असतो, तिनं भरलेल्या माठातलं पाणी पितो. फॉर्मवर मात्र ‘निरंक’.

हा रकाना पुन्हा आठवायचं कारण एक पुस्तक. इंडोनेशियाच्या पूर्व भागात, बालीच्याही पलीकडे, सुंबा नावाचं बेट आहे. 2020च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास. त्याच्या पश्चिम टोकाला कोडी भाषा बोलणाऱ्या लोकांची गावं आहेत. उंच शिखरासारखी गवती छपरं, मधल्या फळ्यांवर माणसं, फळ्यांखाली जनावरं, वर माळ्यावर पूर्वजांच्या वस्तू आणि अंगणात पूर्वजांची दगडी थडगी. जॅनेट हॉस्किन्स ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ 1979 पासून या गावांत राहून अभ्यास करत होती. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुस्तकात ती एक अडचण प्रांजळपणे सांगते. लोकांना ‘तुमच्या आयुष्याची गोष्ट सांगा’ म्हटलं की काही हाती लागत नसे. पण पानसुपारीची चंची, सूत काढायची चाती, ढोल अशा एखाद्या वस्तूबद्दल बोलणं सुरू झालं की त्या वस्तूच्या आडून माणूस आपलंच आयुष्य सांगू लागे.

आपल्याला हे नवीन नाही. शिबिरात ‘आत्मकथन करा’ म्हटल्यावर गप्प बसणारी बाई आईनं दिलेल्या पितळेच्या डब्याबद्दल बोलायला लागली की दुपार सरते. पण हॉस्किन्सच्या पुस्तकातला एक प्रश्न त्याहून टोचणारा आहे. वस्तू बाईची गोष्ट सांगते, हे ठीक. पण बाई स्वतःच देवाणघेवाणीतली वस्तू होते तेव्हा काय? तिच्या पुस्तकात एक प्रकरणच पाळीव जनावरं आणि बायको यांवर आहे. बायकांनी आपसात सांगितलेल्या कहाण्या तिनं निषेधाच्या कहाण्या म्हणून वाचल्या आहेत.

ही देवाणघेवाण समजून घेऊ या. सुंब्यात लग्नात मुलाकडचे मुलीकडच्यांना म्हशी, घोडे आणि सोन्याचे दागिने देतात. तिकडे याला ‘बेलिस’ म्हणतात; आपल्याकडे याला ‘देज’ हा शब्द आहेच. मुलीकडून उलट जातात ती डुकरं आणि विणलेली वस्त्रं. आता बघा, डुकरं कोण वाढवतं? बायका. वस्त्रं कोण विणतं? बायका. सूत बांधून, निळीत आणि मुळांच्या तांबड्या रंगात बुडवून, एकेका वस्त्रावर महिनोन् महिने त्या खपतात. कोडीमध्ये निळीच्या रांजणाजवळ पुरुषानं यायचं नाही, असा दंडक आहे. ती विद्या बायकांची, आणि बाळंतपणाची औषधं जाणणाऱ्या बायकांच्याच घरची. एवढी मोठी निर्मिती बायकांच्या हातात. पण देण्याघेण्याच्या बैठकीत अलंकारिक भाषेत वाटाघाटी करतात ते पुरुष. कोणती म्हैस, किती घोडे, कोणतं वस्त्र, हे ठरवतात ते पुरुष. आणि जमीन, घर, गावातली जागा ही बापाकडून मुलाकडे जाते. कोडींमध्ये आईकडूनही एक वंश मोजतात. रक्त आणि स्वभाव त्या वाटेनं येतो म्हणतात. म्हणजे आईनं रक्त द्यायचं आणि बापानं जमीन!

इथे एक सावधगिरी. ‘म्हणजे बाई विकत घेतात’ असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरायला हवा. देज पुरतं दिलं गेलं नाही, तर मुलं आईच्या कुळाची मानली जातात. नवऱ्याला सासरी राबावं लागू शकतं. पुरतं दिलं गेलं, तर सासरी बाईचा मान राहतो, असं तिथल्या कितीतरी बायका स्वतः सांगतात. ‘देजाशिवाय आणली’ हा त्यांना अपमान वाटतो. आपल्याकडे ‘हुंड्याशिवाय दिली’ म्हणणारी सासू आठवा. दिशा उलट, काटा तोच. बाईचा मान तिच्या स्वतःच्या असण्यावर नाही, तिच्यासाठी काय दिलं-घेतलं गेलं त्यावर ठरतो.

आणि हा मान किती टिकतो, ते बाई मार खाऊन माहेरी परतते तेव्हा कळतं. तिला कायमचं ठेवून घ्यायचं तर माहेरच्यांनी घेतलेलं देज परत करायला हवं. पण त्या म्हशी कुठे असतात? त्या केव्हाच आजोबांच्या मयताला कापल्या गेलेल्या, किंवा भावाच्या लग्नात पुढे दिल्या गेलेल्या. तिच्या देजावर भावाची बायको आलेली. मग आईबापही म्हणतात, ‘जा बाई, सांभाळून घे.’ यात आईबाप दुष्ट असतात असं नाही. हिशेबच असा मांडलेला आहे की तिला परत घेणं कुणालाच परवडत नाही. विधवेचंही तसंच. देज दिलेली बाई कुळाची, म्हणून तिनं दिराच्या घरात राहायचं, ही रूढी बेटाच्या अनेक भागांत होती.

हा हिशेब टोकाला गेला की काय होतं, हे 2020 मध्ये सगळ्या इंडोनेशियानं पाहिलं. मध्य सुंब्यात एका मुलीला पुरुषांनी उचलून नेलं, त्याचं चित्रण देशभर फिरलं. ‘पकडून लग्न’ ही आमची प्रथा, असं समर्थन झालं. तिथल्या स्त्रीसंघटना वर्षानुवर्षं ओरडून सांगत होत्या की हे अपहरण आहे. त्या वर्षीच्या जुलैत महिला-बालविकास मंत्री सुंब्यात गेल्या आणि बेटावरच्या चारही जिल्हाप्रमुखांनी ही पद्धत थांबवण्याच्या करारावर सह्या केल्या. सह्यांनी प्रथा संपत नाही. 2023च्या सप्टेंबरात पश्चिमेकडच्या जिल्ह्यात भर रस्त्यातून पुन्हा एका तरुणीला उचललं गेलं. पण या वेळी पोलिसांनी अटका केल्या, आणि मधल्या काळात कायदाही आला होता. 12 एप्रिल 2022 रोजी इंडोनेशियाच्या संसदेनं लैंगिक हिंसेविरुद्धचा कायदा मंजूर केला. संस्कृतीच्या नावाखाली लावलेलं सक्तीचं लग्न त्यात गुन्हा ठरलं. शिक्षा नऊ वर्षांपर्यंत. या कायद्यासाठी संघटनांना सुमारे दहा वर्षं झगडावं लागलं.

मालमत्तेचं काय? कागदावर तिथल्या बाईची बाजू फार वाईट नाही. 1960चा जमीन कायदा सांगतो की जमिनीवर हक्क मिळवण्याची संधी स्त्री-पुरुषांना सारखी आहे. 1974चा विवाह कायदा सांगतो की लग्नानंतर कमावलेली मालमत्ता दोघांची. मात्र तोच कायदा नवऱ्याला कुटुंबप्रमुख आणि बायकोला गृहिणी ठरवून मोकळा होतो. शिवाय ‘दोघांची मालमत्ता’ म्हणायला लग्न आधी नोंदलेलं हवं. सुंब्यातले अनेक लोक मारापू हा पूर्वजांचा धर्म पाळतात. तो सरकारी यादीतल्या धर्मांत नव्हता, म्हणून ओळखपत्रावर धर्माचा रकाना रिकामा, म्हणून लग्नाची नोंद अडलेली, म्हणून मुलांच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं असे पारंपरिक धर्म ओळखपत्रावर लिहिण्याचा हक्क मान्य केला. अर्जदारांत सुंब्याचा एक मारापूधर्मीयही होता. एका रिकाम्या रकान्यापासून बाईच्या घरावरच्या हक्कापर्यंत केवढी लांब साखळी असते, ती पाहा.

असं वाटू नये की पूर्व इंडोनेशियात सगळीकडे हेच. शेजारच्या तिमोर बेटावर दक्षिण किनाऱ्याला वेहाली नावाचा प्रदेश आहे. तिथे घर आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते; लग्न झालं की पुरुष बायकोच्या घरी राहायला येतो. या प्रदेशाला ‘स्त्रीची भूमी’ म्हणतात. फ्लोरेस बेटावरच्या न्गाडा लोकांतही वंश आईकडून चालतो. म्हणजे ‘जमीन पुरुषाचीच’ हा काही निसर्गनियम नाही. बोटीनं जाता येईल एवढ्या अंतरावर माणसांनी वेगळा नियम केलेला आहे. अर्थात वंश आईचा म्हणजे सत्ता बाईची, असंही होत नाही. सरकारी कचेरीत, गावाच्या बाहेरच्या व्यवहारात पुरुषच बोलतात. नाव असणं आणि आवाज असणं या दोन गोष्टी आहेत. दोन्ही मिळवाव्या लागतात.

तिमोरमधल्याच मोलोच्या बायकांनी त्या कशा मिळवल्या ते सांगून हे टिपण पुरं करते. तिथल्या मुटिस डोंगरावर संगमरवराच्या खाणी सुरू झाल्या. अलेता बाउन या बाईच्या पुढाकारानं गावोगावच्या बायका जमल्या. धमक्या आल्या, अलेताला बाळ घेऊन जंगलात लपावं लागलं. अखेर दीडशे बायका आपले माग घेऊन खाणीच्या जागेवर जाऊन बसल्या आणि सुमारे वर्षभर तिथे विणत राहिल्या. पुरुषांनी घरी स्वयंपाक केला, मुलं सांभाळली. 2010 पर्यंत चारही खाणकंपन्यांनी काम बंद केलं. 2013 मध्ये अलेताला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या बायकांपैकी कुणाच्या नावावर तो डोंगर होता? कुणाच्याच नाही. पण रंगाची झाडं, धागा, पाणी, औषध त्याच डोंगरातून येतं, तेव्हा तो आमचा आहे, हे त्यांनी मागाच्या आवाजात सांगितलं. एरवी देण्याघेण्याच्या बैठकीत पुरुषांच्या हातून जाणारं वस्त्र तिथे बायकांनी स्वतःच्या हक्कासाठी मांडलं.

आपल्याकडे शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती झाली, 1994 मध्ये महाराष्ट्रानं आणि 2005 मध्ये केंद्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला. तरी भाऊबीजेच्या साडीवर हक्कसोडपत्राची सही करून येणाऱ्या बहिणी आपल्या गटातच आहेत. ‘भावाशी संबंध राहायला हवेत ना’ असं त्या म्हणतात. सुंब्यातल्या मुलीच्या देजावर भावाचं लग्न होतं. आपल्याकडे बहिणीच्या सहीवर भावाचा सातबारा कोरा होतो. त्या दूरच्या गावाकडे गंमत म्हणून पाहायची सोय आपल्याला नाही.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी एक सुचवते. प्रत्येकीनं घरातली एक वस्तू घेऊन यावं आणि तीनच प्रश्नांची उत्तरं द्यावीत. ही कुणी केली किंवा कमावली? ही कुणाच्या नावावर आहे? ही विकायची झाली तर कोण ठरवतं? उत्तरं फळ्यावर तीन रांगांत लिहा. पहिल्या रांगेत आपली नावं भरभरून येतील. तिसरीकडे जाता जाता ती कुठे गळतात, ते डोळ्यांना दिसेल. हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही, याची चर्चा त्या फळ्यासमोर बसून करू या.

आणि फॉर्मवरच्या त्या रकान्यात यापुढे आडवी रेघ मारायच्या आधी एक प्रश्न जास्त विचारायचा: “बाई, तुम्ही काय काय केलंय?” उत्तर लिहायला जागा पुरणार नाही. मग मागच्या बाजूला लिहा.