मातीआड गेलेली मुले

आयर्लंडमधील ट्यूम येथे जुलै २०२५ मध्ये उत्खनन सुरू झाले. अविवाहित मातांसाठी १९२५ ते १९६१ या काळात जोगिणींनी चालविलेल्या तेथील आश्रमात ७९६ बालके दगावली. कॅथरीन कॉरलेस या स्थानिक इतिहास-संशोधक बाईंनी त्यांचे मृत्यूचे दाखले जमविले. दफनाची नोंद मात्र मिळेना. त्या देशाच्या किनाऱ्यावर बाप्तिस्म्यापूर्वी गेलेल्या मुलांच्या अनामिक दफनभूमी जागोजाग आहेत. पवित्र भूमीत त्यांना जागा नव्हती.

परक्या धर्मसत्तेला नावे ठेवणे सोपे आहे. पण दोन वर्षांच्या आतील मुलाला अग्नी नाही, उदक नाही, असे आपली मनुस्मृतीही सांगते. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी तो ग्रंथ जाळला गेला. रूढी शिल्लक राहिली. तान्हे मूल पुरण्याला आमची हरकत नाही. त्याची कोठेच नोंद राहत नाही, याला आहे. स्मशानात दहनाला दाखला मागतात. ओढ्याकाठच्या खड्ड्याला कोण मागणार?

१९६९ च्या कायद्याने मृत जन्माचीही नोंद सक्तीची केली. तरीही २००१ मध्ये डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकारी संस्थांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिले की, महाराष्ट्रातील बहुसंख्य बालमृत्यू सरकारी आकड्यांत येतच नव्हते. आकडा लहान असला की तरतूदही लहान राहते, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. उलट गडचिरोलीत घरोघर मोजणी झाली, गावातल्याच बायांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली गेली आणि नवजात-मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. मृत्यू मोजले, म्हणून पुढची मुले वाचविता आली.

आता आमच्या चिखलीकडे पाहू. १९९७ मध्ये हे इंद्रायणीकाठचे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेतांच्या जागी कारखान्यांच्या शेड आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. जुन्या गावकऱ्याला निदान शेताचा बांध होता. मराठवाड्यातून वा बिहारमधून आलेल्या कंत्राटी मजुराने आपले मूल कोठे न्यावे? मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा पुरविणे हे १९४९ च्या अधिनियमाने महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. तेथे मालकाची मेहेरबानी वा नगरसेवकाची शिफारस लागता कामा नये.

म्हणून आमची मागणी साधी आहे : प्रत्येक प्रभागात मुलांसाठी कुंपणाची, पुरापासून सुरक्षित दफनभूमी हवी, तेथेच विनाशुल्क नोंद व्हावी आणि मृत्यूचे कारणही लिहिले जावे. कार्यकर्त्यांनी मात्र महापालिकेची वाट पाहू नये. वस्तीत मूल गेले, तर त्या घरी जावे, आईजवळ बसावे आणि एकवीस दिवसांच्या आत नोंद करून द्यावी. जन्माला आलेल्या प्रत्येक जिवाचा हिशेब मागणे हे समाजवादाचे पहिले काम आहे.