मोर्चा हवा, माणूस नको?

२८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा आपणां सर्वांना ठाऊक आहे. मार्टिन लूथर किंग यांच्या अगोदर तेथे रब्बी योआखिम प्रिन्झ बोलले, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण सुमारे अडीच लाख माणसांचा तो मोर्चा अवघ्या दोन महिन्यांत उभा कोणी केला, असे विचारले की आपण गप्प. त्या गृहस्थाचे नाव बेयर्ड रस्टिन.

शस्त्र धरण्यास नकार दिला म्हणून हे तुरुंगात गेले. बसमधील वर्णभेद मोडला म्हणून नॉर्थ कॅरोलायनात बावीस दिवस सक्तमजुरी भोगली. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली हिंदुस्थानात येऊन त्यांनी सत्याग्रहाचा अभ्यास केला आणि १९५६ मध्ये किंग यांना अहिंसेचे धडे दिले.

मग विसर का पडला? रस्टिन समलिंगी होते. त्यावरून १९५३ साली त्यांना कैद झाली. १९६० साली पॉवेल या स्वतःच्याच समाजाच्या पुढाऱ्याने खोट्या बदनामीची धमकी दिली आणि किंग यांनी त्यांना जाऊ दिले. १९६३ मध्ये सिनेटर थर्मंड यांनी भर सिनेटमध्ये ती कैद उकरून काढली, तेव्हा वयोवृद्ध रँडॉल्फ मात्र पाठीशी उभे राहिले. परक्यांनी छळले त्याचे नवल नाही. आपल्यांनी मागच्या दाराने बाहेर काढले, हे शल्य मोठे.

हे शल्य बेने इस्राएलांना का समजावून सांगावे लागावे? आपल्या विवाहांवर रब्बीमंडळाने शंका घेतली, म्हणून आपण यरुशलेमात ठिय्या दिला आणि १९६४ साली क्नेसेतकडून न्याय मिळवला. आणि घरात मात्र गोरे इस्राएल, काळे इस्राएल असा भेद आपणच पाळत होतो!

कोणी म्हणतील, तोरा काय सांगते? अर्थ लावणे विद्वानांचे काम. आम्ही कृतज्ञतेचे बोलतो. १९७५ साली रस्टिन यांनी इस्राएलच्या पाठिंब्यासाठी कृष्णवर्णीय अमेरिकनांची समिती स्थापन केली. ती मदत घेताना त्यांच्या घरात कोण राहते, हे कोणी विचारले होते?

रस्टिन १९८७ साली वारले. अमेरिकेने त्यांना पदक दिले २०१३ मध्ये, कॅलिफोर्नियाने माफी दिली २०२० मध्ये. आपणही तेवढेच थांबणार काय? लग्नाचा विषय निघताच उठून जाणारा मुलगा आपल्याही घरांत आहे. त्याला मलिद्याच्या ताटाशी जागा द्या, आणि तो जिवंत असताना द्या.